वाचनालयातून पेटीही घरी नेता यावी

वाचनालयाच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना गाणं-तबला शिकवावा, असं आमच्या सोलापूरच्या शाळासोबत्यांपैकी एकाने सुचवलं आणि वाद पेटला. बहुतेकांचं म्हणणं एकच: अभ्यासिकेत पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, तिथे सारेगम कशाला?

त्या पोरांची काळजी खरी आहे. घरी दोन खोल्या, त्यात शेजारी यंत्रमागाचा खडखडाट असेल तर शांत जागा वाचनालयाशिवाय कुठली? म्हणून वर्ग संध्याकाळी आणि वेगळ्या दालनात घ्यावेत. पण संगीत हे वाचनालयाचं कामच नव्हे, हे मला अजिबात पटत नाही.

मी टोरोंटोत राहतो. इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या पार्कडेल शाखेत २०१६ पासून वाद्यं घरी न्यायला मिळतात. व्हायोलिन, गिटार, कीबोर्ड. कार्ड दाखवायचं आणि पुस्तकासारखं घेऊन जायचं, फुकट. पुढे ही सोय आणखी शाखांत झाली. वाद्यांसाठी एका विमा कंपनीने पैसे दिले. वाचनालय मात्र मुख्यतः शहराच्या मालमत्ता करावर चालतं. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात असा कर नाही. संस्था सरकारी अनुदान आणि वर्गणीवर कशीबशी तग धरतात, तुटपुंज्या पगारावरचे ग्रंथपाल त्या सांभाळतात. त्यांच्याकडून टोरोंटोची अपेक्षा धरणं अन्याय होईल.

पण सोलापूरकडे जे आहे ते इथे शोधून सापडत नाही. इथे वाद्य मिळतं, गुरू मिळेलच असं नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत, पेटी-पखवाज वाजवणारी जाणती माणसं आहेत. सतार-तानपुऱ्याचं मिरज रेल्वेने जोडलेलं आहे. तिथल्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अडतं ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगाराच्या मुलीचं. क्लासची फी एकवेळ जमेल, पण घरी रियाजाला पेटी कुठून आणायची? प्रारंभिक, प्रवेशिका या संगीताच्या परीक्षांचं नावही अशा कित्येक घरांत पोचत नाही. शहरातल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातली मैफलही त्या घरांपासून लांबच राहते. तीच मैफल महिन्यातून एकदा वस्तीतल्या वाचनालयात व्हावी, मराठीसोबत तेलुगू आणि कन्नड पदंही तिथे गायली जावीत.

सुरुवात दहा पेट्या आणि पाच तबलाजोड्यांनी करू. त्यांचे पैसे आम्ही बाहेरचे सोलापूरकर जमवतो. जागा, एक शिक्षक आणि पेटी दुरुस्त करणारा कारागीर तुम्ही सोलापुरात राहणारे बघा.