पार्व्हो बदलला, म्हणून लस बाद झाली?

गेल्या पंधरवड्यात आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या तीन ग्रुपांवर कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजाराबद्दल एकच मजकूर फिरला: ‘पार्व्होने रूप बदललंय, जुनी लस निकामी आहे. लस दिलेली पिल्लंसुद्धा मरतात. विषाणूची जनुकीय तपासणी म्हणजे पैसे उकळायचा धंदा. फिनाईलने घर पुसा, मांजरं लांब ठेवा, माणसांनाही होतो.’ तो वाचून शेजारच्या काकूंनी पिल्लाचा पुढचा डोस रद्द केला, म्हणून हे लिहायला बसले.

रूप बदललं हे खरंच आहे, पण ते काही काल-परवा घडलेलं नाही. कुत्र्यांमधला पार्व्हो १९७८ साली जगभर पसरला. दोनेक वर्षांत मूळ रूप मागे पडून ‘२ए’ आलं, १९८४ मध्ये ‘२बी’ सापडलं, २००० मध्ये इटलीत ‘२सी’. विषाणूच्या कवचातलं मुख्य प्रथिन म्हणजे ५८४ अमिनो आम्लांची, म्हणजे मण्यांसारख्या घटकांची, माळ. ही तीन रूपं ओळखली जातात ती त्यातल्या ४२६व्या जागी कुठलं अमिनो आम्ल आहे त्यावरून. आता आपल्याकडेही २सी सापडतो. पण प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी शरीरातली प्रथिनं, कवचाला एकाच जागी चिकटत नाहीत, म्हणून एक जागा बदलल्याने लस बाद होत नाही. जुन्या रूपांपासून केलेली लस दिलेल्या कुत्र्यांना प्रयोगात मुद्दाम २सीचा संसर्ग दिला, तेव्हा ती वाचली.

मग लस दिलेली पिल्लं का जातात? आमची चिंगी अशीच गेली. पंचेचाळिसाव्या दिवशी पहिला डोस झाला होता. कार्डावर पुढची तारीख होती, पण दिवाळीला आम्ही देवासला गेलो. आल्यावर देऊ म्हटलं. दहा आठवड्यांची असताना एका सकाळी ती पाण्याच्या वाटीवर तोंड झुकवून नुसतीच उभी राहिली. तहान होती, पण एक घोट घेतला नाही. दुपारी उलट्या, रात्री रक्ताची पातळ शी, आणि तो वास अजून नाकातून जात नाही. किटच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सलाईन चालू असताना चौथ्या पहाटे ती गेली.

पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिपिंडं मिळतात. ती विषाणूला अडवतात, तशीच लसीलाही अडवतात. दर दहाएक दिवसांनी त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. मधे एक काळ असा येतो की विषाणूला रोखायला ती पुरत नाहीत, पण लस लागू होऊ न देण्याइतकी उरलेली असतात. हा काळ कुठल्या पिल्लाचा आठव्या आठवड्यात येतो, तर कुठल्याचा चौदाव्या. म्हणून डोस दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. एका डोसाला ‘लस झाली’ म्हणणं, हीच आमची चूक होती.

फिनाईलचा सल्ला तर घातकच. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर आणि फिनाईल यांच्यावर विसंबता येत नाही, आणि फरशीच्या सांधीत, अंगणातल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या. मांजरांचं मजकुरात उलटं लिहिलंय: मांजरांचा स्वतःचा पार्व्हो कुत्र्याच्या आतड्यात वाढत नाही, उलट कुत्र्यांची २ए, २बी, २सी ही रूपं मांजरांना होऊ शकतात. तेव्हा मांजराचीही लस चुकवू नका. आणि माणसांना होणारा पार्व्हो बी-१९ हा वेगळा विषाणू आहे. कुत्र्याचा माणसाला होत नाही.

राहिली जनुकीय तपासणी. उपचार सुरू करायला ती लागत नाही, हे कबूल. पट्टी आणि डॉक्टरांचा हात पुरतो. पण विषाणू बदलला हे मजकूर लिहिणाऱ्याला तरी कशावरून कळलं? कुणीतरी आजारी कुत्र्यांचे स्वॅब जपले, त्यातला जनुकक्रम वाचला, म्हणूनच ना? लस दिल्यावर काही दिवस लसीतलाच विषाणू शीतून बाहेर पडतो आणि पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह येऊ शकते. तो लसीतला की बाहेरचा, हे क्रम वाचून ठरवता येतं. आणि उद्या खरोखरच लसीला चुकवणारं रूप आलं, तर ते सगळे डोस झालेल्या, तरीही आजारी पडलेल्या मोठ्या कुत्र्याच्या स्वॅबमध्ये आधी दिसेल. तुमच्या घरी असं घडलं तर डॉक्टरांना सांगून पहिल्याच दिवशी जास्तीचा एक स्वॅब बर्फावर ठेवायला लावा आणि तो कुठे पाठवता येईल ते विचारा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच आहे, चौकशी तिथूनच सुरू करा.

चिंगीचा स्वॅब त्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेला. तिला यातलं कुठलं रूप झालं होतं, ते आम्हाला आता कळायचं नाही.