धडधाकट डब्याची व्हीआरएस

परवा नवीन हब बसवून झाल्यावर अॅपमध्ये पाटी आली, 'तुमचा अपग्रेडचा अनुभव कसा होता?' खाली पाच तारे आणि लिहायला एक चौकोन, त्यात जास्तीत जास्त २५० अक्षरं. २५० अक्षरांत आमची आई 'जेवलास का' हेसुद्धा विचारून संपवत नाही. मी चौकोनात 'ठीक' एवढं टाइप केलं, आणि उरलेलं सगळं इथे ओततोय.

तर झालं असं, की सहा वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा हौसेने घर स्मार्ट केलं. टीव्हीशेजारी साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा म्हणजे हब, आणि त्याच्या जिवावर दिवे, गिझर, पडदे, सगळं. सहा वर्षांत त्याने एकदा तक्रार केली नाही. मग कंपनीचा मेल आला, प्रिय ग्राहक, आपल्या मॉडेलचा सपोर्ट संपत आहे, यापुढे सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत, नवीन अॅप त्याच्याशी बोलणार नाही, आणि हे घ्या नव्या मॉडेलवर २० टक्के सूट. मयताच्या घरी जाऊन स्थळ सुचवावं तसं.

आईने विचारलं, "बिघडलाय का तो?"

"नाही गं."

"मग?"

"त्याचा सपोर्ट गेलाय."

"सपोर्ट नसताना माणसं जगतात, डब्याला काय धाड भरलीये?" असं म्हणून ती तिच्या मिक्सरकडे बघत राहिली. तो १९८९ सालचा आहे, त्याची दोन भांडी बदलली, एकदा कार्बन बदलला, आणि त्याला आजपर्यंत कुठल्याही ऑफिसातून मेल आलेला नाही.

पण मला भीती होती, कारण असले किस्से मी वाचलेले. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता, गूगलच्या नेस्ट कंपनीने ती कंपनी २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हरच बंद केला, झालं, ३०० डॉलरचा पेपरवेट. इन्स्टिऑनचे सर्व्हर तर एप्रिल २०२२ मध्ये न सांगता गेले, लोकांना घरातली रूटीनं (म्हणजे ठरल्या वेळी दिवे आपोआप लागणं वगैरे) चालेनात तेव्हा कळलं, शेवटी वापरणाऱ्यांपैकीच काही जणांनी मिळून ती कंपनी विकत घेतली आणि परत सुरू केली. (आमच्या सोसायटीत लिफ्टच्या मेंटेनन्सचे पैसे जमत नाहीत, आम्ही काय कंपनी घेतोय.) त्यातल्या त्यात फिलिप्स ह्यूचा जुना गोल ब्रिज (म्हणजे त्यांच्या दिव्यांचा हब) नशीबवान, ३० एप्रिल २०२० ला त्याचे अपडेट थांबले पण घरातल्या घरात तो दिवे लावत राहिला. म्हणजे रिटायर झालेले आजोबा, बँकेत जात नाहीत पण दळण आणून देतात. तेवढं जरी आमच्या कंपनीने केलं असतं ना, तरी मी पाचही तारे दिले असते.

असो. नवीन हब आला. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'एका टचमध्ये ट्रान्सफर'. टच केलं. उत्तर आलं की ही सोय आपल्या मॉडेलच्या पुढच्या मॉडेलपासून उपलब्ध आहे.

इथे जरा तांत्रिक सांगतो, कारण त्रासाचं मूळ इथेच आहे. झिगबी म्हणजे हब आणि दिव्यांची आपसात बोलायची बिनतारी भाषा. झिगबीवाला प्रत्येक बल्ब, प्रत्येक सेन्सर जुन्या हबच्या नेटवर्कमध्ये एका गुप्त किल्लीवर आत आलेला असतो, म्हणजे लग्नच लागलेलं असतं म्हणा ना. नवीन हब म्हणजे नवीन नेटवर्क, नवीन किल्ली. जुन्याशी काडीमोड झाल्याशिवाय बल्ब नव्याकडे ढुंकून बघत नाही. मी मोजले, ९ बल्ब, स्विचबोर्डच्या मागे लपलेले ११ मॉड्यूल, दाराचे ४ सेन्सर, हालचाल ओळखणारे ३, प्लग ४, पाणी गळतीचे २ आणि पडद्याची मोटर १. एकूण ३४ काडीमोड. फॅमिली कोर्टात एका शनिवारी एवढे होत नसतील.

बल्बाचा काडीमोड कसा करायचा तर बटण सहा वेळा चालू-बंद, चालू-बंद, आणि तेही ठरावीक वेगाने. वेग चुकला की परत पहिल्यापासून. मी बाल्कनीतल्या दिव्याशी अर्धा तास हे करत होतो तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी टॉर्चने उत्तर दिलं, बायको म्हणाली आता खाली जाऊन त्यांना सांगून ये की आपण बुडत नाही आहोत.

सेन्सरना छोटं भोक, त्यात सिमची पिन खुपसून पाच सेकंद दाबायचं. घरात मोबाईल चार, सिमची पिन एकही नाही, शेवटी आईचं कानातलं कामाला आलं.

खरी कसोटी बोर्डामागच्या मॉड्यूलची. रीसेटचं बटण मॉड्यूलवर, मॉड्यूल बोर्डाच्या आत, बोर्ड उघडायचा तर एमसीबी पाडायचा, आणि एमसीबी पाडला की मॉड्यूलला वीज नाही म्हणजे पेअरिंग नाही. इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी प्लेट काढली, आतला वायरींचा गुंता बघितला आणि म्हणाले, "साहेब, हे कुणी केलंय?" मी म्हटलं, "काका, तुम्हीच." मग आम्ही दोघं जरा वेळ गप्प बसलो. प्लेट लोंबकळत ठेवून, एमसीबी वर करून, लाकडी चमच्याने बटण दाबणं हे पुढे ११ वेळा झालं. घरी कोणी करू नका, ते काका होते म्हणून.

नवीन हब 'मॅटर'ला सपोर्ट करतो हे जाहिरातीत सतराशे साठ वेळा होतं. मॅटर म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांशी बोलाव्यात म्हणून काढलेलं स्टँडर्ड, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. पण आमच्याकडे 'मॅटर झाला' म्हणजे काय झालं हे वेगळं सांगायला नको, आणि तसंच झालं. मॅटरचे म्हणून मुद्दाम दोन नवे प्लग घेतलेले, त्यांना जोडायला ११ आकडी कोड लागतो, तो प्लगच्या पाठीवर, आणि प्लग मी आधीच फ्रिजच्या मागे लावून मोकळा झालो होतो. फ्रिज सरकवला. मागे कोड मिळाला, दोन वर्षांपूर्वी हरवलेलं उलथनं पण मिळालं, या अपग्रेडचा तेवढाच निव्वळ नफा.

मग नावं. सगळ्या वस्तू 'लाईट १', 'लाईट २' अशा आलेल्या. जुन्या हबात सहा वर्षांत जमवलेली नावं आणि २३ रूटीनं होती, ती गेली ती गेलीच. आवाजावर चालणाऱ्या बाईला 'देवघर' कळत नाही म्हणून आमचं देवघर कागदोपत्री 'टेम्पल' आहे. आई संध्याकाळी निरांजन लावताना "टेम्पल ऑन" म्हणते आणि मग शुभंकरोती.

रविवारी सकाळी गार पाण्याने आंघोळ झाली. गिझर ५:४० ला लागायला हवा होता, तो लागला ११:१० ला. अॅपमध्ये खोदत खोदत गेलो तर हबचं घड्याळ भारतात आलंच नव्हतं, ते यूटीसीवर, आपल्या साडेपाच तास मागे. घर पुण्यात, गिझर लंडनच्या हिवाळ्यात.

त्यात काही दिवे मधूनच गायब व्हायचे. चॅटवर विचारलं. "सर, हब रिस्टार्ट केला का?" केला. "सर, राउटर रिस्टार्ट केला का?" केला. "सर, आपण आमच्या परिवाराचा भाग आहात." यावर काय रिस्टार्ट करणार? शेवटी माझं मलाच कळलं. मी हब ठेवला होता राउटरला टेकून, दोघांची फ्रिक्वेन्सी तीच, २.४ गिगाहर्ट्झ, दोन भांडखोर जावांना एका ओट्यावर उभं केल्यासारखं. हब शोकेसवर हलवला तर निम्मे दिवे परत आले. उरलेल्यांचं कारण जास्त साधं. झिगबीत लाईनवरचे बल्ब एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, भिंतीवरचं बटण बंद केलं की तो निरोप्याच मेला, आणि त्याच्या पलीकडचा बाथरूमचा सेन्सर एकटा पडतो. आणि भिंतीवरची बटणं कोण बंद करतं? आई. आणि कामाच्या मावशी. दोघींना मी समजावलं की बटण चालूच ठेवायचं, बंद मोबाईलवरून करायचं. मावशी म्हणाल्या, "दादा, बटण हातापाशी आहे की."

सोमवारी रात्री दोनला आई बाथरूमला उठली आणि हॉलचे पडदे घर्रकन उघडले. दोन सेन्सरची नावं मी उलटी टाकलेली. आई अंधारात उभी, समोर अख्खी सोसायटी. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळी एवढी हवा यायला खिडकी हाताने उघडावी लागायची."

आता सगळं चालतंय. बायकोने प्रत्येक बटणाखाली लेबल चिकटवलंय, 'बंद करू नये'. जुना डबा माझ्या टेबलाच्या खणात आहे, अधूनमधून प्लगला लावून बघतो, हिरवा दिवा लगेच लागतो त्याचा, बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही.

काल शोकेसवर धूळ पुसताना बघितलं तर नव्या हबवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर आईच्या अक्षरात बसवल्याची तारीख. लोणच्याच्या बरण्यांवर लिहिते तशीच. खाली बारीक अक्षरात, 'मुरायला वेळ द्यावा. ओला हात लावू नये.'