विंकेलमान यांनी काय दिलं आणि काय दिलं नाही

मे महिना आला की एक मजकूर फिरायला लागतो. यंदा मला तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, तिघंही शिकलेले, इतिहासाची आवड असलेले. मजकूर थोडक्यात असा: ‘१० मे १९४० रोजी हिटलरने हॉलंडवर हल्ला केला आणि पाचव्या दिवशी एकही गोळी न झाडता हॉलंडने हात वर केले. सेनापती होता एक निवृत्त म्हातारा, वशिल्याने बसवलेला. रॉटरडॅमवर बॉम्ब पडून तीस हजार माणसं मेली, त्याची गाळण उडाली आणि त्याने अख्खा देश जर्मनांना लिहून दिला. पुढे जर्मनांच्याच मेहेरबानीवर तो सुखात जगला.’

त्या सेनापतीचं नावसुद्धा मजकुरात नाही. ते होते जनरल हेन्री जेरार्ड विंकेलमान. हल्ल्याची तारीख आणि दिवसांची मोजणी सोडली तर त्यांच्याविषयीचं यातलं जवळपास प्रत्येक विधान चूक किंवा अर्धवट आहे. एकेक घेऊन बघू.

‘एकही गोळी न झाडता’

या पाच दिवसांत सुमारे २,३०० डच सैनिक मारले गेले. जर्मनांचे मृत साधारण दोन हजार. न झाडलेल्या गोळ्यांनी माणसं मरत नाहीत. एका महिन्यापूर्वीच, ९ एप्रिलला, डेन्मार्कने काही तासांत शस्त्रं ठेवली होती. मला वाटतं, लोकांच्या डोक्यात या दोन देशांची गल्लत झालेली आहे.

पहिल्याच दिवशी, १० मेच्या पहाटे, जर्मनांचा डाव होता तो द हेगवर. शहराभोवतीच्या फाल्कनबुर्ख, ओकेनबुर्ख आणि आयपेनबुर्ख या तीन विमानतळांवर छत्रीधारी सैनिक उतरवायचे, मागोमाग विमानांनी फौज आणायची, शहरात घुसून राणी विल्हेल्मिना, मंत्रिमंडळ आणि लष्करी मुख्यालय ताब्यात घ्यायचं. एका दिवसात युद्ध संपवायची ही योजना होती. जर्मन सेनापती फॉन स्पोनेक राणीला भेटायच्या तयारीनेच निघाला होता. संध्याकाळपर्यंत तिन्ही विमानतळ डच सैन्याने परत घेतले होते. तिथे पकडलेले सुमारे बाराशे जर्मन सैनिक आयमाउडन बंदरातून जहाजाने इंग्लंडला रवाना झाले, म्हणजे हॉलंड पडल्यावरही ते जर्मनीला परत मिळाले नाहीत. जर्मनांची दोनशेहून अधिक वाहतूक विमानं या मोहिमेत कामातून गेली.

यात विंकेलमान यांचा वाटा कुठे? एप्रिलमध्ये नॉर्वेत जर्मनांनी विमानतळांवर थेट सैन्य उतरवलं, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. विमानतळांचे पहारे वाढवले गेले, आयपेनबुर्खला चिलखती गाड्या उभ्या केल्या गेल्या. राखीव फौज द हेगच्या टप्प्यात होती. हा एक महिन्याचा शहाणपणा १० मे रोजी कामी आला.

उत्तरेला आफ्स्लाउटडाइक हा समुद्रात घातलेला तीसेक किलोमीटरचा बांध आहे. त्यावर कॉर्नवेर्डरझांडचा छोटा किल्ला. दोन-सव्वादोनशे माणसांनी तिथे जर्मनांच्या घोडदळाच्या अख्ख्या डिव्हिजनला अडवून धरलं. उघड्या बांधावरून चालून येणाऱ्याला आडोसाच नव्हता. १४ मे रोजी डच नौदलाच्या एका तोफनौकेनेही समुद्रातून जर्मन तोफखान्यावर मारा केला. तो किल्ला जर्मनांना लढून शेवटपर्यंत घेता आला नाही.

मध्यभागी ग्रेबे रेषा, म्हणजे डच सैन्याची मुख्य संरक्षण-रेषा. रेनेन गावाजवळच्या टेकडीवर तीन दिवस, ११ ते १३ मे, खंदकांतून झुंज चालली. चारशेहून अधिक डच सैनिक तिथेच पडले. आज त्या टेकडीवर लष्करी दफनभूमी आहे, १९४० सालच्या आठशेहून अधिक सैनिकांची. हा मजकूर पुढे ढकलण्याआधी त्या रांगांचा एखादा फोटो जरी पाहिला असता, तरी बोट थांबलं असतं.

आणि हे सैन्य होतं तरी कसं? अडीच लाखांहून जास्त माणसं जमवलेली, पण रणगाडे जवळपास शून्य. चाळीसेक चिलखती गाड्या. तोफांपैकी बऱ्याच एकोणिसाव्या शतकातल्या. लढाऊ कामाची विमानं सव्वाशे-दीडशेच्या घरात. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहून वाचलेला देश या वेळीही तटस्थता वाचवील या आशेवर होता आणि तिजोरी उशिरा उघडली गेली. हे पाप सरसेनापतीच्या माथी मारता येणार नाही. त्यांना तयारीला मिळाले तीन महिने.

‘निवृत्त म्हातारा, वशिल्याने बसवलेला’

निवृत्त होते, हे खरं. वय त्रेसष्ट. पण पुढचं पूर्ण उलट आहे.

विंकेलमान यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७६ रोजी मास्ट्रिख्टचा. ब्रेडाच्या लष्करी अकादमीतून १८९६ मध्ये पायदळात सेकंड लेफ्टनंट. पुढे उच्च लष्करी शिक्षण. १९१३ मध्ये कॅप्टन, १९२३ मध्ये मेजर, १९३१ मध्ये मेजर जनरल आणि चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख. शांततेच्या काळातल्या छोट्या सैन्यात बढती अशीच मुंगीच्या पावलांनी होते. १९३४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्यावर सैन्याच्या सर्वोच्च पदासाठी, म्हणजे जनरल स्टाफच्या प्रमुखपदासाठी, त्यांचं नाव पुढे आलं. ते पद मिळालं जनरल रेइंडर्स यांना. विंकेलमान त्याच वर्षी सन्मानाने निवृत्त झाले. वशिला असता तर तो तेव्हाच चालला असता. निवृत्तीनंतरही त्यांचा सल्ला घेतला जात होता, कारण माणूस शांत डोक्याचा म्हणून ओळखला जायचा.

फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांना परत बोलावलं गेलं ते रेइंडर्स आणि संरक्षणमंत्री डाइक्सहोर्न यांचं पटेनासं झालं म्हणून. वाद अधिकारांचा होता, तसाच संरक्षण नेमकं कोणत्या रेषेवर करायचं याचाही. ६ फेब्रुवारीला विंकेलमान यांनी भूदल आणि नौदल दोन्हींची सूत्रं हाती घेतली. रेइंडर्स ग्रेबे रेषेवर काही काळ लढून मग मागच्या पाणरेषेवर, म्हणजे जमीन पाण्याखाली बुडवून केलेल्या संरक्षण-रेषेवर, यायच्या विचारात होते. विंकेलमान यांनी ठरवलं की मुख्य लढाई ग्रेबे रेषेवरच द्यायची. लढता लढता माघार घेणं हे अतिशय कसलेल्या सैन्याचं काम, आणि आपलं सैन्य तसं नाही, हे त्यांना कळत होतं. शिवाय ब्राबांट प्रांतातली मुख्य फौज हल्ल्याच्या पहिल्याच रात्री उत्तरेला, ‘हॉलंडचा किल्ला’ म्हणवल्या जाणाऱ्या पश्चिमेच्या भागात खेचून घ्यायची.

इथे टीकेला जागा आहे आणि ती मी झाकणार नाही. ब्राबांटची रेषा त्यामुळे पातळ झाली, जर्मनांची एक आगगाडी मिल गावाजवळ ती रेषा ओलांडून थेट आत शिरली. मूरडाइकचे मोठे पूल छत्रीधाऱ्यांनी उडवले जायच्या आत ताब्यात घेतले, कारण स्फोटकं असूनही ती उडवण्याची तयारी पूर्ण नव्हती. ही चूक सगळ्यांत महाग पडली. त्याच पुलांवरून जर्मनांची नववी रणगाडा डिव्हिजन रॉटरडॅमपर्यंत पोहोचली. द हेगमध्ये घरभेद्यांच्या अफवांमागे धावण्यात सैन्याची ताकद वाया गेली, तेही मुख्यालयाच्या डोळ्यांदेखत. विंकेलमान यांच्यावर ठपका ठेवायचा तर या गोष्टींवर ठेवा. यांवर अभ्यासू माणसं आजही वाद घालतात.

‘तीस हजार माणसं मेली, गाळण उडाली’

तीस हजारांचा आकडा युद्धकाळात दोस्त राष्ट्रांत पसरला आणि अजून मरत नाही. रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात साडेआठशेच्या आसपास माणसं गेली. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले, पंचवीस हजारांच्या जवळपास घरं जळाली. शहराचं मध्य उरलंच नाही. आज तिथल्या फुटपाथमध्ये लाल दिवे बसवलेले आहेत, आग कुठपर्यंत पोहोचली होती ते दाखवणारे. त्या दिव्यांच्या रेषेने चालत गेलं की साडेआठशे हा लहान आकडा वाटत नाही. दुःख मोठं दाखवायला तो तीसपट-चाळीसपट फुगवायची गरज नाही.

१४ मे रोजी काय झालं ते क्रमाने बघण्यासारखं आहे, कारण सगळा न्याय तिथे होतो. सकाळी जर्मनांचा निर्वाणीचा खलिता रॉटरडॅमचे डच सेनानी कर्नल स्खारो यांच्याकडे आला: शहर द्या, नाहीतर उद्ध्वस्त करू. खलित्यावर सही नव्हती, पाठवणाऱ्याचं नाव-हुद्दा नव्हता. स्खारो यांनी विंकेलमान यांना फोन केला. उत्तर गेलं की असा बिनसहीचा कागद आम्ही मानत नाही, नाव आणि हुद्दा घालून पाठवा. ही अडवणूक नव्हती, मिळेल तेवढा वेळ काढायचा होता. जर्मन जनरल श्मिट यांनी नवा खलिता लिहिला, मुदत दिली दुपारी चार वाजून वीस मिनिटांपर्यंत. पण विमानं आधीच निघालेली होती. दीडच्या सुमारास बॉम्ब पडायला लागले. जर्मनांनी जमिनीवरून इशाऱ्याचे लाल प्रकाशगोळे उडवले, त्यावरून काही विमानं परत फिरली. नव्वदपैकी चौपन्न विमानांनी बॉम्ब टाकले.

मग दुसरी धमकी आली: आता उत्रेख्त शहर. त्या वेळेपर्यंत परिस्थिती काय होती? ग्रेबे रेषा आदल्या दिवशी संध्याकाळी फुटलेली. मदतीला ब्राबांटमध्ये आलेली फ्रेंच फौज मागे हटलेली. डच हवाई दल संपलेलं. शहरांवर विमानविरोधी तोफांचं छत जवळपास नाही. राणी आणि मंत्रिमंडळ १३ मे रोजी इंग्रजी जहाजांनी निघून गेलेलं, आणि जाताना देशाचा कारभार विंकेलमान यांच्याच हाती देऊन गेलेलं. पुढचा प्रतिकार निरर्थक झाला असं वाटेल तेव्हा तो थांबवायची मुभा त्यांना मंत्र्यांनीच दिली होती.

म्हणजे एका त्रेसष्ट वर्षांच्या माणसासमोर हा हिशेब होता: आज उत्रेख्त, उद्या अ‍ॅमस्टरडॅम, द हेग, आणि बदल्यात सैन्याला मिळणार आणखी एखाद-दोन दिवस. पाचच्या सुमारास त्यांनी शस्त्रं ठेवायचा निर्णय घेतला. संध्याकाळी रेडिओवरून लोकांना स्वतः सांगितलं, कोणाच्या आड न लपता. गाळण उडालेला माणूस आपल्या तुकड्यांना आधी शस्त्रं आणि दारूगोळा नष्ट करा आणि मग शत्रूला कळवा, असा हुकूम देत नाही. विंकेलमान यांनी तो दिला.

‘अख्खा देश लिहून दिला’

या वाक्याची मला सर्वांत जास्त चीड येते.

१५ मे रोजी सकाळी राइसोर्ट गावातल्या एका शाळेत विंकेलमान आणि जर्मन अठराव्या सैन्याचे प्रमुख फॉन क्यूख्लर समोरासमोर बसले. सही झाली ती डच सैन्याच्या शस्त्रं ठेवण्याच्या कागदावर. त्यात झीलंड प्रांत नव्हता. तिथे फ्रेंचांसोबत लढाई चालू होती आणि ती चालूच राहिली. १७ मे रोजी मिडलबर्ग शहर पेटलं, झीलंडचा अगदी दक्षिणेकडचा पट्टा मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकला. त्यात नौदल नव्हतं. डच युद्धनौका तोवर इंग्लंडच्या वाटेला लागल्या होत्या आणि पुढची पाच वर्षं लढल्या. व्यापारी जहाजांचा प्रचंड ताफा दोस्तांच्या कामी आला. त्यात वसाहती नव्हत्या, सरकार नव्हतं. आणि तो तह नव्हता. नेदरलँड्स जर्मनीशी युद्धात होतं ते १९४५ पर्यंत, लंडनमधल्या सरकारच्या नावाने. हरलेल्या सेनापतीने हातातलं जेवढं वाचत नव्हतं तेवढंच टेबलावर ठेवलं.

‘जर्मनांच्या मेहेरबानीवर सुखात’

शरणागतीनंतर काही आठवडे विंकेलमान मायदेशातले सर्वांत वरचे डच अधिकारी होते. जर्मनांना हवं होतं की डच कारखान्यांनी त्यांच्यासाठी शस्त्रं बनवावीत, दुरुस्त करावीत. विंकेलमान यांनी नकार दिला. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर बोट ठेवून सांगितलं की जिंकलेल्या देशाच्या माणसांकडून त्यांच्याच दोस्तांविरुद्धची शस्त्रं करून घेता येत नाहीत.

२९ जून १९४० हा राजजावई प्रिन्स बर्नहार्ड यांचा वाढदिवस. त्यांचं आवडतं फूल कार्नेशन. द हेगच्या नूर्डआइंडे राजवाड्यासमोर लोकांनी फुलांचे ढीग घातले, कोटाला कार्नेशन लावून फिरले. राजवाड्यातल्या शुभेच्छांच्या वहीत सही करायला विंकेलमान स्वतः गेले, आणि बाहेर जमलेल्यांनी त्यांचा जयजयकार केला. ज्याला हा मजकूर पळपुटा म्हणतो, त्याचा हा जयजयकार शरणागतीनंतर सहा आठवड्यांनी, जर्मन पहाऱ्यासमोर झाला.

२ जुलैला त्यांना अटक झाली. जर्मनीविरुद्ध कुठल्याही प्रकारे उभा राहणार नाही असं लिहून द्यायला त्यांनी नकार दिला होता. त्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळ्या डच अधिकाऱ्यांनी तसा शब्द दिला आणि ते घरी राहिले; नकार देणारे सत्तरच्या आसपास निघाले. एका सहीवर विंकेलमानही घरी राहू शकले असते. ते १९४५ पर्यंत युद्धकैदी होते. त्रेसष्टाव्या वर्षी गेलेले, परत आले तेव्हा सत्तरीला टेकलेले. परतल्यावर त्यांना लष्करी विल्यम पदक मिळालं, जे नेदरलँड्सचा सर्वोच्च लष्करी सन्मान आहे. २७ डिसेंबर १९५२ रोजी सुस्टरबर्गला ते वारले.

ज्या तिघांनी मला हा मजकूर पाठवला, त्यांना मी हे सगळं पाठवतो आहे. तुमच्याकडेही तो आला असेल, तर निदान पाठवणाऱ्याला एवढं विचारा, की त्या सेनापतीचं नाव काय होतं.