दाखवायचे पैसे

जानेवारीत मुंबईला आले की माझा पहिला आठवडा लोकांच्या फायली चाळण्यात जातो. कुणाची भाची, कुणाच्या शेजारणीचा पुतण्या 'यूएसला अप्लाय' करत असतो, आणि तेरा वर्षं न्यू जर्सीत काढली म्हणून मी त्यातली जाणकार. यंदा चारकोपला आत्याकडे जेवायला गेले तर तिथेही शेजारच्या बाई लेकीची फाइल घेऊन हजर. डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडल्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. पोळीचा घास तोंडात असतानाच वाद पेटला.

आत्याचे यजमान, आमचे अण्णा, म्हणाले, "ऐपत नसेल तर जाऊच नये. कर्ज काढून सण कशाला?" त्यांचे धाकटे भाऊ लगेच म्हणाले, "अहो, ऐपत कुणाची असते? पोरं तिकडे गुपचूप कॅशवर काम करतात, निघतं सगळं. सगळेच करतात." शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी भाजी वाढून घेतली.

दोन्ही बाजू मला तोंडपाठ आहेत. मी शिकायला गेले तेव्हाही हेच चाललं होतं, फक्त डॉलर चोपन्नच्या आसपास होता.

२०१२ साली आम्ही नायगावला पागडीच्या खोलीत राहत होतो. बाबा बेस्टमध्ये, वडाळा डेपोला. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर तेव्हा बँकेला तारण लागायचं, आणि पागडीची खोली म्हणजे तारण नव्हे, ती मालकीची नसतेच. तेव्हा मामाने डोंबिवलीचा फ्लॅट गहाण ठेवला. मामी तेव्हा काही बोलली नाही, आजवर बोललेली नाही, आणि त्याचंच मला जास्त ओझं वाटतं. बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये खिडकीपलीकडच्या बाईला मी ज्या आत्मविश्वासाने बँकेचं पत्र दाखवलं, त्यातला पहिल्या वर्षाचा पैसा खरा होता. दुसऱ्या वर्षाचा बराचसा दाखवायचा होता. एका नातेवाइकाने महिनाभरासाठी एफडी केली होती, व्हिसा लागल्यावर मोडली. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. खायची वेळ कधी ना कधी येणार, याचा विचार त्या मे महिन्यात आमच्या घरात कुणी केला नाही.

वेळ आली २०१३ च्या ऑगस्टमध्ये. तिसऱ्या सेमिस्टरची फी साडेनऊ हजार डॉलर. मेच्या सुरुवातीला हिशेब केला तेव्हा ती पाच लाख तेरा हजार होत होती. ऑगस्टअखेर डॉलर अडुसष्टला गेला आणि तीच फी सहा लाख शेहेचाळीस हजारांवर गेली. बँकेने कर्ज रुपयांत मंजूर केलेलं, त्यात एक रुपया वाढणार नव्हता.

बाबांची एक वही होती, दोनशे पानी, दुधाच्या हिशेबाची. नंतर कधीतरी ती माझ्या हाती लागली. तिच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलने रोजचा डॉलरचा दर लिहिलेला. सकाळी पेपर आला की चहाआधी टिपत असणार. जूनअखेर साठ आलंय तिथे खाली रेघ मारली आहे. त्रेसष्टनंतर आकडे गिचमिडीत होत गेलेत. अडुसष्टच्या पुढे मराठीत 'पतपेढी' एवढंच लिहिलंय. फोनवर ते मला म्हणायचे, "तू अभ्यास कर, इकडचं मी बघतो." मी म्हणायचे, "मजेत आहे बाबा." मी तेव्हा चारजणींत एक खोली घेऊन हॉलमध्ये गादी टाकून झोपत होते आणि कॉलेजच्या फूड पँट्रीतून राजम्याचे डबे आणत होते.

आता नियमांचं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. मला लायब्ररीत ताशी सव्वासात डॉलर मिळत, म्हणजे आठवड्याला एकशे पंचेचाळीस. त्यात भाडं आणि जेवण कसंबसं भागे, फी नाही. पैसे नाहीत म्हणून एखादा विषय कमी घ्यावा, तर तेही नाही: आजारपणासाठी किंवा अभ्यास झेपत नसल्याबद्दल कमी विषयांची परवानगी मिळू शकते, पैशांच्या अडचणीसाठी नाही. पूर्ण विषय घेतले नाहीत तर स्टेटस, म्हणजे तिथे विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क, जातं आणि पूर्ण विषयांना पूर्ण फी. ज्याने हे लिहिलं त्याला कधी महिनाअखेर पाहावी लागली नसावी.

एका हॉटेलात शनिवार-रविवार भांडी आणि काउंटर, कॅशवर, असं काम मला मिळत होतं. रूममेट आधीपासून जात होती. मी सोमवारी हो म्हणणार होते. त्याआधी आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, सही घ्यायला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या बाईंपुढे रडू फुटलं. त्यांनी टिश्यूचा डबा सरकवला आणि एक कागद छापून दिला. नियमात अशी सोय आहे की एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यावर हाताबाहेरचं आर्थिक संकट आलं, तर त्याला कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. कशाला संकट म्हणायचं याची उदाहरणंही तिथेच आहेत: फी अवाच्या सवा वाढणं, औषधपाण्याचा खर्च, घरी पैसे पुरवणाऱ्याची परिस्थिती बदलणं आणि चलनाच्या दरातली मोठी चढउतार. माझ्या बाबांची वही जणू कुणीतरी नियमात लिहून ठेवली होती.

अर्जाची फी तेव्हा तीनशे ऐंशी डॉलर. पैसे नाहीत हे सांगायचेही पैसे. कॅम्पसवरचं काम पुरत नाही हे दाखवायचं, बँकेची पत्रं, दराचे कागद जोडायचे, आणि परवानगीचं कार्ड हाती येईपर्यंत कॅम्पसबाहेर कामाला हात लावायचा नाही. मला डिसेंबरात कार्ड आलं. तोवर पतपेढीने तारलं, हे मला खूप नंतर कळलं.

म्हणून 'सगळेच करतात' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. विषय कमी पडले, एखादा कागद राहिला, तर स्टेटस परत मिळवायला अर्ज करता येतो, निदान दार ठोठावता येतं. परवानगीशिवाय काम केलेल्याला ते दारही बंद. सगळ्या चुकांमधली नेमकी ही एक चूक आपल्याकडचे काका-मामा पोरांना हौसेने शिकवून पाठवतात.

आणि अण्णांचं 'ऐपत नसेल तर जाऊ नये'? बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांवर. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले, इथे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि एका पारशी मित्राची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा गेले. आपण त्यांच्या पदव्या मोजतो. मला तो मधला परतीचा प्रवास जास्त जवळचा वाटतो. आज पोरगं मधल्या सेमिस्टरला परत आलं तर सोसायटीत काय सांगायचं, इथपासून आपल्या आई-बापांची सुरुवात होते. त्या भीतीने पोरं थांबत नाहीत, विचारत नाहीत, हॉटेलाच्या मागच्या दाराने आत जातात.

दाखवायच्या पैशांचा दुसरा तोटाही इथेच कळतो. संकट 'अनपेक्षित' असावं लागतं. पहिल्या दिवसापासून फाइलमधला पैसा खोटा असेल, तर दुसऱ्या वर्षी तो संपला याचं आश्चर्य कुठल्या तोंडाने वाटून घ्यायचं? मी डॉलरच्या दरामागे लपू शकले. एफडी मोडली नसती तर किती लपावं लागलं असतं, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीही काढला नाही.

हे सगळं मी त्या दिवशी जेवताना बोलले नाही. अण्णांचा मुलगा ओंकार टेक्सासला आहे, दुसरं वर्ष. आत्या मला कौतुकाने सांगत होती, "मजेत आहे तो, स्वतः राजमा करतो." ओंकारने मला नोव्हेंबरात फोन केला होता. घरी सांगू नकोस म्हणाला होता. मी त्याला म्हटलं होतं, जानेवारीत मी तिथे असेन तेव्हा तूच सांग, मी बाजूला बसते.

शेजारच्या बाई गेल्यावर व्हिडिओ कॉल लागला. त्याच्याकडे सकाळ होती. पाच मिनिटं तो हवापाण्याचंच बोलला, मग पैशांचं बोलला. आत्याने पदर तोंडाला लावला. मी त्या परवानगीच्या अर्जाचं सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. उठले, चष्मा आणला, मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला आणि मला विचारलं, "त्या अर्जाची फी किती म्हणालीस?"

"आता पाचशे वीस झालीये."

त्यांनी गुणिले नव्वद केलं. "सेहेचाळीस हजार आठशे," म्हणाले, आणि आत्याला म्हणाले, "कपाटातून चेकबुक दे."