फिरकी खंय आसा?

लग्नाला चोवीस वर्षं झाली. तेवढ्यात माझ्या नाकानं तीन चमक्या घालवल्या. पहिली मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर, लाट नाकावर घेताना. ती अरबी समुद्राला अर्पण. दुसरी सोलकढी गाळताना पडली. ती गाळणीत सापडली, पण फिरकी काही मिळाली नाही, आणि फिरकीविना चमकी म्हणजे बुडाविना तांब्या. सोनारकाकांनी ती मोडीत घेतली. तिसरी टॉवेलच्या धाग्यात अडकून नाकातून उपटली गेली. तिच्यापायी मी केवढ्यानं ओरडले ते शेजारच्या वाडीत अजून सांगतात.

दोष चमकीचा नव्हे, फिरकीचा. मिलिमीटरभर मळसूत्र, त्यावर मोहरीएवढी फिरकी, आणि ती आवळायची नाकाच्या आत, न बघता. रात्री आवळावी तर सकाळी सैल. त्यातच झोपेत सुटलेली फिरकी श्वासाबरोबर आत गेल्याच्या केसेस डॉक्टरांना माहीत आहेत, हे नवऱ्यानं कुठेतरी वाचलं. तेव्हापासून रोज दिवा मालवताना तो ‘गॅस बंद केलास?’ याच्या पाठोपाठ ‘फिरकी आवळलीस?’ विचारतो.

यंदा चतुर्थीला पुण्याहून भाची आली. कुडाळला गाडी चार तास उशिरा, पावसात रिक्षा, आणि घरात पाऊल टाकते तोच माझ्या हातावर एक डबी. आत चिमुकलं निळं फूल आणि एक बारीक दांडी, एवढंच. मी डबी उलटी करून आपटली.

“फिरकी विसरलीस गो?”

“मामी, याला फिरकी नसते. थ्रेडलेस आहे. मळसूत्रच नाही.”

ओटीवर वाती वळत बसलेल्या सासूबाईंचे हात थांबले. “फिरकी नाय? मगे रवतला कशान?”

प्रश्न रास्त होता. भाचीनं टॉर्च धरून दाखवलं. दांडी आतून पोकळ, नळीसारखी. तिच्या एका टोकाला चपटी चकती, ती नाकाच्या आत बसते. नळी आतून बाहेर यायची, म्हणजे आपल्या चमकीच्या अगदी उलट. फुलाच्या मागे तारेसारखी बारीक पिन. ती पिन बाहेरून नळीत खोचायची. झालं!

“आणि पडली तर?”

“पिन आधी किंचित वाकवायची. वाकडी पिन सरळ नळीत शिरली की भिंतींना रेटून बसते. तिला सरळ व्हायचं नसतं, म्हणून ती टिकते.”

मला ढिम्म कळलं नाही. सासूबाईंना कळलं. त्यांनी केरसुणीतला एक हीर उपसला, नखानं जरासा बाक दिला आणि नातवाच्या संपलेल्या बॉलपेनाच्या नळीत सारला. नळी उलटी करून झटकली. हीर जागचा हलला नाही. “वाकडो आसा म्हणान रवलो,” म्हणाल्या, आणि पुन्हा वातींकडे वळल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं अर्ध्या मिनिटात जे सांगितलं ते मला, बी.एस्सी. असून, पुढचे पाच दिवस जमलं नाही.

मग नंबरांची भानगड. भाचीच्या स्वतःच्या नाकात 18 गेजची दांडी, म्हणजे साधारण 1 मिलिमीटर जाड. माझं भोक बारीक, म्हणून तिनं 20 गेज आणली, ती 0.8 मिलिमीटर. 20 हा 18 पेक्षा मोठा असून बारीक कसा, यावर मी हुज्जत घालायला लागले तर नवरा मध्येच म्हणाला, “मासे धरायच्या गरीचा नंबरपण तसाच असतो. दहा नंबरची गरी पाचापेक्षा लहान.” गरवायला जाऊन आजवर त्यानं घरी काय आणलं असेल तर एवढं ज्ञान. लांबी 6 मिलिमीटर. 8 ची घेतली असती तर आतली चकती नाकात लोंबत राहिली असती, असं भाची म्हणाली, आणि त्या कल्पनेनंच मला दोन शिंका आल्या.

सासूबाईंचा पुढचा प्रश्न, “सोन्याचा आसा मां?”

टायटॅनियम, म्हटलं. ऑपरेशनमध्ये हाडात बसवतात त्यातलं. यात निकेल नाही, त्यामुळे नाक चिघळत नाही. खारा वारा, समुद्राचं पाणी, कशानं गंजत नाही. निळा रंगसुद्धा रंग नव्हे. विजेचा प्रवाह देऊन धातूवर पातळ थर चढवतात, आणि जेटीजवळ पाण्यावर डिझेलचा तवंग निळा-जांभळा दिसतो, तसा तो थर निळा दिसतो. एवढं सगळं भाचीनं मन लावून सांगितलं. सासूबाईंच्या डोक्यात पहिलंच वाक्य राहिलं.

“गुडघ्यात घालतत ता तू नाकात घालतंस?”

पहिल्या दिवशी मी पिन वाकवलीच नाही. नव्या कोऱ्या वस्तूला बाक द्यायला हात धजेना. सरळ खोचली, टक्क आवाज आला, आरशात निळं फूल काय शोभलं! तासाभरानं मोदकांचं चून, म्हणजे सारण, ढवळायला वाकले आणि फूल गुळखोबऱ्यात. उकड निवत होती, भटजी साडेदहाला येणार होते, आणि आम्ही चौघं परातीभोवती. नवरा कुठल्याशा स्पीकरचं चुंबक घेऊन धावत आला. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, हे भाची सांगेपर्यंत त्यानं मखराखालच्या सतरा टाचण्या गोळा केल्या होत्या. फूल शेवटी सासूबाईंनी काढलं, तांदूळ निवडतात तसं चून बोटांनी पसरून. देवाच्या नैवेद्यात नाकातली वस्तू पडली म्हणून ते सगळं चून बाजूला गेलं आणि नवं करायला नारळ फोडला गेला. बाजूला गेलेलं चून नवऱ्यानं आणि सासूबाईंच्या नातवानं दुपारपर्यंत बाजूला ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिन इतकी वाकवली की ती नळीत शिरेना. मी रेटतेय, नाकातून पाणी वाहतंय, आणि बाहेर आरती म्हणणाऱ्यांना वाटतंय मामी भक्तीनं विरघळली. “परत परत वाकवू नको हं, तार मोडते,” भाचीनं बजावलं. मग तिनंच करून दाखवलं. पिनेचा तिसरा हिस्सा नळीत घालायचा, तसंच धरून फुलाला बोटानं हलका कल द्यायचा, की पिन धनुष्यासारखी होते. बाक किती? बघितला तर दिसेल, नाही बघितला तर नाही, एवढाच. मग चकतीला आतून बोटाचा आधार देऊन फूल सरळ दाबायचं. बसलं. शिंकले, टॉवेलनं तोंड पुसलं, विहिरीवर वाकून पाणी शेंदलं. जागचं हललं नाही. टॉवेलात अडकायला मळसूत्रच नव्हतं.

सुखाचे दोन दिवस गेले. मग गौर आली.

गौरीला नथ हवी. घरात नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे गौरीला सुपांतून वाण द्यायचा विधी, वाडीतल्या बायका सुपं घेऊन दारात, आणि सासूबाईंचं फर्मान की घरच्या मोठ्या सुनेच्या नाकात गुडघ्याचं सामान दिसता नये. भाची देवळात गेलेली. म्हटलं, काढायचं काय त्यात! फूल धरलं आणि फिरवलं. फिरलं. आणखी फिरवलं. आणखी फिरलं. दहा, वीस, पन्नास वेढे! ते गरगर फिरत होतं आणि सैल म्हणून होत नव्हतं. चोवीस वर्षांची बोटं ती, त्यांना सोडवणं म्हणजे फिरवणं एवढंच ठाऊक. जिला फिरकीच नाही तिनं माझी फिरकी घेतली.

म्हण आहेच, कान सोनारानंच टोचावेत. तशीच जरीच्या साडीत छत्री घेऊन बाजारात गेले. सणाचा दिवस, सोनारकाका अर्धं दुकान उघडून बसलेले. डोळ्याला भिंग लावलं, माझं नाक उजेडाकडे वळवलं आणि चिमट्यानं फूल धरून त्यांनीही फिरवलं. चार वेढे झाल्यावर थांबले. “वयनी, ह्यो खंयचो प्रकार?” मी सांगितला. पोकळ नळी, वाकडी पिन, सगळं. ते गप्प झाले. मग हळूच विचारलं, “वजन किती?” सोनं याच्या चौपटीहून जड, हे मी ऐकीव ज्ञान फेकलं. त्यांचा चेहरा पडला. “मगे आमी तोलाचा काय?”

तेवढ्यात भाचीचा फोन आला. “मामी, फिरवू नको! आतून चकती धर आणि फूल सरळ ओढ. खेचून काढायचं.”

एवढंच होतं. पण हाताला नारळाचं तेल, बोटं सटकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, श्वास रोखला, ओढलं. फूल अलगद हातात आलं. आतली नळी मात्र नाकातच राहिली, तिनं गुदगुल्या केल्या आणि मी अशी शिंकले की काकांचा तराजू हलला. नळी काउंटरवरून उडून त्यांच्या मागच्या कोपऱ्यात गेली, जिथे सोन्याचा कीस पडतो म्हणून ते कुणाला झाडूसुद्धा मारू देत नाहीत.

काका स्वतः गुडघ्यांवर बसले. मऊ ब्रशनं तसू तसू झाडत त्यांनी नळी शोधून दिली, आणि तिच्यासोबत मोहरीएवढं काहीतरी पिवळं. भिंगाखाली धरून म्हणाले, “ही तुमचीच काय ती? त्या सोलकढीवाल्या चमकीची?” असेल. मोडीत देताना चमकीच्या मागेच अडकून आली असेल, आणि आम्ही घरी तीन दिवस कढीचं भांडं खरवडत बसलो होतो.

घरी येऊन नथ चढवली, ओवसा पार पडला. रात्री सासूबाईंना ती फिरकी दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, दिव्याजवळ नेली, मग पानाच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी टाकून चंचीची दोरी आवळली.

“रवांदे,” म्हणाल्या. “खंय तरी लागात.”