कार्डात खेळ हवा, नुसती किल्ली नको

हातातल्या कन्सोलने (व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राने) आता घरच्या कन्सोलची बरोबरी केली, हे निंटेंडो स्विच 2 या हातात धरून खेळायच्या कन्सोलवरील लेखातील विधान त्याच्या 7.9 इंची, 120 हर्ट्झच्या (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलू शकणाऱ्या) पडद्यापुरते मला मान्य आहे. त्यावरच्या ‘डाँकी काँग बनान्झा’ या खेळामध्ये डोंगर, भिंती, जमीन, जवळजवळ सारेच फोडता येते आणि ही फोडाफोड निव्वळ दिखावा न राहता खेळाचा गाभा होते, म्हणून मी त्याला ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या शर्यतीच्या खेळातल्या 24 गाड्यांच्या गर्दीपेक्षा वरचे स्थान देईन.

मात्र नव्या खेळांपैकी अनेक ‘गेम-की कार्ड’वर येतात, याकडे लेखात दुर्लक्ष झाले आहे. अशा कार्डात खेळ नसतो, फक्त त्याची किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून 256 जीबीच्या साठ्यात बसवावा लागतो आणि तरीही खेळताना कार्ड खोचलेलेच लागते. कोल्हापूरहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या माझ्यासारख्याने घाटातल्या तुटक्या रेंजवर नवा खेळ कसा उतरवावा? ‘सायबरपंक 2077’ हा मोठा खेळ संपूर्णपणे 64 जीबीच्या कार्डावर देता आला, त्यामुळे खेळांच्या इतर प्रकाशकांची अडचण तांत्रिक नसून कार्डाच्या खर्चाची असावी, असे माझे मत आहे.