पुढे गव्हाची लोंबी, मागे मैदा

पिशवीवर गव्हाची सोनेरी लोंबी. खाली ठळक अक्षरात ‘आटा ब्रेड’. पिशवीचा रंगसुद्धा मुद्दाम मातकट ठेवलेला. आता ती उलटी करा, चुण्या सरळ करा, जोडाच्या पट्टीखाली दडलेली घटकांची यादी डोळे फाडून वाचा. पहिला घटक: मैदा. गव्हाचं पीठ त्याच्यानंतर, कंसात टक्केवारी, तीही जेमतेम विशीच्या आसपास. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे जे पहिलं तेच सगळ्यात जास्त. आणि तो तपकिरी रंग? यादीच्या शेवटी १५०ए लिहिलंय बघा. ते कॅरॅमल, म्हणजे साखर जाळून केलेला रंग. मैद्याच्या ब्रेडला रंग लावून गव्हाच्या नावावर विकतात, आणि साध्या ब्रेडपेक्षा जास्त पैसे घेतात!

तिडीक जाते डोक्यात. कारण हे चुकून झालेलं नाही. लोंबी कुठे काढायची, मैदा कुठे लपवायचा, हे कुणीतरी बसून, विचार करून ठरवलेलं असतं.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी म्हणून जी बिस्किटं आणायची त्यांच्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं हिरव्या गोलात लिहिलेलं. मागे मैदा, पाम तेल आणि माल्टोडेक्स्ट्रिन. हे माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, पोटात गेली की रक्तातली साखर झपाट्याने वाढते. पण कागदोपत्री ती ‘साखर’ नाही ना, मग झालं! सत्तरी ओलांडलेली बाई ती मुंगीएवढी अक्षरं वाचणार कशी? तिने पुढचा हिरवा गोल वाचला, विश्वास ठेवला आणि चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली. तिची काय चूक?

आणि सरकारी यंत्रणेला हे माहीत नाही असंही नाही. पाण्यात फळांचा आटवलेला रस कालवून केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ लिहू नका, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये सांगितलं. तोवर आजारी माणसाला भेटायला जाताना आपण तेच खोके नेत होतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या त्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, कारण अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. कायदा २००६ चा! इतकी वर्षं आयांनी पोरांची उंची वाढेल, ताकद येईल म्हणून चमचा चमचा साखर दुधात ढवळली, त्याचा जाब कोण देणार?

आइस्क्रीमचंही तेच. डबा तसाच, चित्रही तसंच, एकाच फ्रीजरमध्ये शेजारी शेजारी. एका डब्यावर बारीक अक्षरात ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. लिहिलंय की, असं म्हणून कंपनी मोकळी.

तेलाच्या पिशव्या तर जरा हातात घेऊन बघा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, हे आपल्या हाताला सवयीने कळायचं. आता त्याच आकाराच्या पिशवीत कुठे ८५० ग्रॅम, कुठे ८००, कुठे ७५०. पूर्वी अशा रोजच्या वस्तूंना ठरावीक वजनातच पॅक करायची सक्ती होती, ती काढून टाकली. त्याऐवजी पाकिटावर एकक किंमत छापा म्हणाले. तीसुद्धा कशी? एक किलोच्या आतल्या पाकिटावर प्रति ग्रॅम, वरच्यावर प्रति किलो. म्हणजे एका हातात ‘०.१६ रुपये प्रति ग्रॅम’, दुसऱ्या हातात ‘१५२ रुपये प्रति किलो’, मागे ट्रॉल्यांची रांग, आणि बाईने तिथे उभं राहून गणित करायचं. सरळ सगळ्यांवर किलोचा भाव छापायला काय धाड भरली होती?

दुकानवाले काही कमी नाहीत. डोळ्यांसमोरच्या फळीवर माल लागावा म्हणून कंपन्या पैसे मोजतात, हे त्या धंद्यात उघड आहे. म्हणून ज्वारीचं पीठ, साधे पोहे, सुटी डाळ शोधायला गुडघे धरून खाली वाकायचं. आणि चॉकलेटं मात्र बिलिंग काउंटरला चिकटून, अगदी तीन-चार वर्षांच्या पोराच्या हाताला येतील अशी. आई पिशव्या भरतेय, रांग सरकत नाही, पोर हट्टाला पेटलंय, मागचे लोक बघताहेत. तिथे किती आया नाही म्हणू शकतील? हा सापळा पोरासाठीच लावलेला आहे. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के मारतात. शाळकरी पोरालाही कळतात. आपल्याकडे २०२२ मध्ये नियमांचा मसुदा आला तो पाकिटावर तारे छापून दर्जा दाखवायचा. त्यात सगळ्यात वाईट पदार्थालासुद्धा अर्धा तारा! चिप्सच्या पाकिटावर तारा दिसला की लोक त्याला शाबासकीच समजणार, हे मसुदा लिहिणाऱ्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

पुढच्या बाजूला लिहा. मराठीत लिहा. चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा, की या ब्रेडमध्ये मैदा इतका, गहू इतका. आणि गहू मैद्यापेक्षा कमी असेल तर ती लोंबी पिशवीवरून काढा.